जुनापाणीची शिलावर्तुळे घरच्यांसोबत कशी बघावीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बदलीमुळे तुम्ही नुकतेच नागपूरला आलात. अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेले वडील यांना घेऊन एखाद्या रविवारी जुनापाणीची शिलावर्तुळे बघायला जायचे मनात आहे. तिकीट नाही, गाईड नाही, खाण्यापिण्याची सोय नाही. जाऊन आलेल्या सहकाऱ्याने तर सांगितले की तिथे दगडांशिवाय काही नाही. मुले कंटाळतील का, वडिलांना झेपेल का आणि बघायचे तरी काय, हे तुम्ही विचारले आहे.

विदर्भातल्या महापाषाणीय, म्हणजे मोठ्या दगडांनी बांधलेल्या दफनांच्या स्थळांवर उत्खनन आणि सर्वेक्षण करण्यात माझी बरीच वर्षे गेली. शाळेतल्या मुलांना आणि कुटुंबांना तिथे घेऊनही जातो. त्या अनुभवावरून सांगतो, जरूर जा. फक्त सगळी वर्तुळे पालथी घालायला जाऊ नका. एक वर्तुळ निवडा आणि त्याच्यापाशी दीड-दोन तास थांबा. तिथे फेरफटका मारणाऱ्याला दगडच दिसतात. कारण जे काही आहे ते एका दगडापाशी उकिडवे बसून, दोरी लावून, उन्हाची तिरीप धरून बघावे लागते. मुलांना हे मोठ्यांपेक्षा चांगले जमते.

आधी हे आहे काय, ते सांगतो. नागपूर शहराच्या वायव्येला, काटोल रस्त्याने दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणीचा परिसर लागतो. तिथल्या माळावर आणि झुडपांत काळ्या बसाल्टचे मोठे दगड गोलाकार मांडलेले आहेत आणि अशी वर्तुळे शेकड्यांनी आहेत. ही लोहयुगातल्या माणसांची दफने. काळ ढोबळमानाने इसवी सनापूर्वी १००० ते ३००. म्हणजे यातली बरीचशी सम्राट अशोकाच्याही आधीची आणि अजिंठ्याची पहिली लेणी कोरली जाण्याच्या कितीतरी आधीची. मुलीला शाळेत अशोक शिकवला असेल, तर एवढा एक धागा तिला पुरेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिशांच्या मध्य प्रांतातले कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी इथली काही वर्तुळे खणली. त्यांत मिळालेल्या लोखंडी वस्तूंपैकी काही आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तीन वर्तुळांचे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्यानंतर पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड अशा स्थळांवर काम केले आणि या लोकांचे जगणे आपल्याला बरेच उलगडले. वर्तुळे बांधणारे लोक कुठे राहत, काय घडवत, काय पिकवत, हे जुनापाणीपेक्षा या दुसऱ्या स्थळांवरून अधिक कळते.

केव्हा जायचे, याला माझ्या लेखी एकच उत्तर आहे: डिसेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, आणि तोही सकाळी. पावसाळा संपल्यावर गवत कमरेएवढे असते, त्यात निम्मी वर्तुळे बुडालेली असतात आणि पायाखाली काय आहे ते दिसत नाही. मार्चपासून ऊन चढते. विदर्भाच्या एप्रिल-मेमध्ये सावली नसलेल्या माळावर मुलांना आणि म्हाताऱ्या माणसाला नेणे धोक्याचे आहे, तो विचारच करू नका. हिवाळ्यात सूर्योदय पावणेसातच्या आसपास होतो. सव्वासातपर्यंत माळावर पोहोचलात तर पुढचा दीड तास सोन्यासारखा. ऊन जमिनीलगत तिरपे पडलेले असते, त्यामुळे दगडावरचा बारीकसा खळगासुद्धा सावली धरतो. तोच दगड दुपारी बारा वाजता बघितला तर सपाट काळा दिसेल.

आता त्या एका वर्तुळाकडे. निवडताना असे बघा की कडेचे दगड बहुतेक जागच्या जागी आहेत आणि मधोमध खड्डा नाही. खड्डा असेल तर ते कधीतरी खणले गेले आहे, मग ते उत्खनन असो की गुप्तधनाच्या हव्यासाने केलेली उकराउकर. न खणलेल्या वर्तुळात मधला भाग कडेपेक्षा किंचित उंच असतो, घुमटी काढल्यासारखा. तो उंचवटा मुरूम, माती आणि लहान दगडगोट्यांच्या भरावाचा असतो. उभे राहून तो पटकन कळत नाही. मुलांना कडेच्या दगडाच्या पातळीवर डोळे आणून पलीकडे बघायला सांगा, लगेच दिसेल.

वर्तुळाच्या आत मात्र जाऊ नका. भराव मोकळ्या दगडांचा असतो आणि प्रत्येक पावलाने थोडा सरकतो. सगळे मोजमाप बाहेरून करता येते. सोबत वीस मीटरची सुतळी आणि मोजपट्टी ठेवा. मुलगी एका दगडापाशी, तुम्ही समोरच्या दगडापाशी, आणि सुतळी ताणून व्यास घ्या. मग त्याला काटकोनात दुसरा व्यास घ्या. दोन्ही जवळपास सारखे भरले की मुलीला विचारा, कंपास नाही, कागद नाही, तर त्यांनी एवढा गोल आखला कसा? खुंटी आणि दोरी हे उत्तर मुले स्वतःच काढतात. वर्तुळ बारा मीटरचे असेल तर परीघ साधारण ३८ मीटर यायला हवा. कडेने सुतळी दोन टप्प्यांत फिरवून तेही पडताळता येते. चौकटीच्या वहीवर एक सेंटीमीटरला एक मीटर धरून तिने आराखडा काढावा, प्रत्येक दगड त्याच्या जागी दाखवावा आणि दगडांना क्रमांक द्यावेत, अर्थात वहीत. दगडावर काहीही लिहायचे नाही. उत्खननाच्या पहिल्या दिवशी आम्हीही याहून वेगळे काही करत नाही.

दगडाचे वजन काढणे हा मुलांच्या विशेष आवडीचा भाग. कडेचा एखादा दगड मीटरभर लांब, ६० सेंटीमीटर रुंद आणि ५० सेंटीमीटर उंच आहे असे धरू. तो ०.३ घनमीटर झाला. बसाल्टचा एक घनमीटर साधारण २९०० किलो भरतो, म्हणजे हा दगड ८७० किलोच्या घरात गेला. कोपरे गोलसर असतात म्हणून थोडे वजा करा, तरी साडेसातशे-आठशे किलो उरतात. शिवाय जमिनीत गाडलेला भाग आपण धरलेलाच नाही. असे वीस-पंचवीस दगड माणसांनी आणि जनावरांनी ओढून आणले, एका माणसासाठी किंवा एका घरातल्या माणसांसाठी. हा हिशेब वहीवर मांडल्यावर सहा वर्षांचा मुलगासुद्धा दगडाकडे वेगळ्या नजरेने बघतो.

आणि आता जुनापाणीची खरी खासियत, म्हणजे दगडांवरचे कोरलेले वाटीसारखे खळगे. ते प्रत्येक दगडावर नसतात. एखाद्या वर्तुळात दोन-चार दगडांवर सापडतील, एखाद्यात एकही नाही. म्हणूनच हा शोध मुलांवर सोपवावा. पण बसाल्ट फसवतो. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि दगडावर नैसर्गिक भोके राहतात. ती लहानमोठी, वेडीवाकडी, कशीही विखुरलेली असतात. काहींत पांढरी स्फटिकेही दिसतात. माणसाने केलेले खळगे उथळ, गोल, एकमेकांच्या मापाचे आणि ओळीत असतात. कधी दोन समांतर ओळी, कधी एकच. एक-दोन बोटे बसतील एवढे तोंड आणि तळ गुळगुळीत. ओळ दिसली की समजावे, इथे कोणीतरी बसून दगडाने दगड ठोकला आहे. ऊन सरळ पडत असेल तर दगडावर चादरीची सावली करा आणि मोबाइलचा टॉर्च दगडाला अगदी चिकटवून आडवा धरा, ओळ उमटून येते.

खळगे फोटोत उठून दिसावेत म्हणून काही जण त्यांत खडू, रांगोळी किंवा पीठ भरतात, पाणी ओततात. कृपा करून असे करू नका. भरलेला पदार्थ दगडाच्या बारीक छिद्रांत राहतो, त्यावर बुरशी धरते आणि पुढच्या अभ्यासकाला कोरण्याच्या खुणा तपासता येत नाहीत. दगडावरचे शेवाळी-करडे ठिपके, म्हणजे दगडफूल, तेही खरवडू नका. तिरपा उजेड पुरेसा आहे.

खळग्यांचा अर्थ काय, हे मुलगी विचारणारच. रिव्हेट-कार्नॅक यांना ते ब्रिटनमधल्या दगडांवरच्या खुणांसारखे वाटले होते. अलीकडच्या काळात, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना, मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खळगे असलेल्या दगडांच्या दिशा मोजल्या आणि आकाशातल्या घडामोडींशी त्यांचा संबंध असावा असे मांडले. यावर अजून एकमत नाही आणि मुलांना तसेच सांगावे. होकायंत्र असेल तर मुलीने खळग्यांच्या दगडामागे उभे राहून समोरच्या कडेकडे तोंड करून दिशा नोंदवावी. तिच्या वहीतली नोंद ही खरी नोंद असेल. शास्त्रज्ञांनीही मोजली ती दिशाच.

आत काय असते, हेही सांगायला हवे, कारण ते वरून दिसत नाही. दफनात मातीची भांडी ठेवलेली असतात. त्यातली काळी-तांबडी भांडी सहज ओळखू येतात: आतून आणि काठाशी काळी, खाली तांबडी. लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर मिळतात. विदर्भातल्या कुऱ्हाडींवर दांडा घट्ट बसावा म्हणून लोखंडी पट्ट्या आवळलेल्या असतात, ती इथल्या लोहारांची सहीच म्हणावी. माहुरझरीला अकीक आणि इतर दगडांचे सुबक मणी मिळाले, शिवाय घोड्याच्या डोक्यावर चढवायचे तांब्याचे साजही. अनेक ठिकाणी घोड्यांची हाडे आणि लगामाचे तोंडात बसणारे लोखंडी भाग मिळाले आहेत. घोडा या लोकांच्या किती जिव्हाळ्याचा होता हे त्यावरून कळते. पेंच नदीकाठच्या नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. माणसांची हाडे मात्र बऱ्याचदा तुकड्यांतच मिळतात.

इथे पालक अडखळतात. ‘ही कबर आहे’ असे सहा वर्षांच्या मुलाला सांगावे का? मी सांगतो. मुले घाबरतात ती मोठ्यांच्या कुजबुजीला. त्याला साध्या शब्दांत सांगा, की फार फार वर्षांपूर्वी इथल्या लोकांचे कोणीतरी गेले, त्याची आठवण राहावी म्हणून सगळ्यांनी मिळून दगड आणले, त्याची कुऱ्हाड आणि जेवायची भांडी त्याच्यासोबत ठेवली. मुले यावर अगदी नेमके प्रश्न विचारतात. घोडा पण का पुरला? लहान मुलांसाठी छोटे वर्तुळ असायचे का? ज्याचे उत्तर माहीत नाही तिथे ‘अजून कोणाला कळलेले नाही’ म्हणावे. एवढे बोलणे झाले की दगडांवर उड्या मारू नका हे वेगळे बजावावे लागत नाही.

खापराचा तुकडा हा दुसरा प्रसंग. पाऊस भराव धुतो आणि एखादे खापर वर येते. मुलगा ते खिशात घालणार, हे गृहीत धरा. त्याआधीच ठरवून ठेवा: उचलायचे नाही, आहे तिथेच बाजूला पाच रुपयांचे नाणे ठेवून फोटो काढायचा, वहीत चित्र काढायचे आणि पुढे जायचे. नाणे मापासाठी. कारणही सांगा. ते खापर कोणत्या वर्तुळाजवळ, कोणत्या बाजूला पडले होते यावरून ते कोणत्या दफनातले हे कळते. घरच्या कपाटात गेले की तो नुसता मडक्याचा तुकडा होतो. कायद्याची बाजूही आहे. नागपूर जिल्ह्यातली अनेक शिलावर्तुळे केंद्र सरकारने संरक्षित केलेली आहेत. १९५८ चा प्राचीन स्मारके कायदा २०१० मध्ये सुधारला गेला, तेव्हापासून संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

वडिलांची काळजी तुम्हाला वाटते त्यापेक्षा कमी करावी लागेल. इथे किल्ल्यासारखी चढण नाही, लेण्यांसारख्या पायऱ्या नाहीत. जमीन खडबडीत आहे इतकेच, म्हणून काठी आणि घोट्यापर्यंत येणारे बूट हवेत. घडीची खुर्ची नक्की न्या. रस्त्यापासून जवळात जवळचे वर्तुळ निवडा, त्याच्या कडेला खुर्ची मांडा आणि मोजमापांची वही त्यांच्या हाती द्या. मुले ओरडून आकडे सांगतील आणि आजोबा लिहून घेतील. त्यांच्याकडे काम असले की ते रमतात आणि मुलांचे आकडेही नीट उतरतात. ज्यांचे आयुष्य शेतीत गेले आहे असे आजोबा असतील तर दगड कसा हलवायचा, पहार कुठे लावायची, बैल किती लागतील हे ते आमच्यापेक्षा चांगले सांगतात. त्यांना बोलते करा.

सोयी काहीच नाहीत असे समजूनच निघा. स्वच्छतागृह घरूनच आटोपून या. पाणी माणशी दोन लिटर तरी घ्या. खाणे गाडीत किंवा वर्तुळांपासून लांब बसून उरका आणि कागदाचा कपटाही मागे ठेवू नका. संपूर्ण बाह्यांचे कपडे हवेत, कारण बोरी-बाभळीचे काटे आणि गवतातल्या गोचिडी. घरी आल्यावर मुलांच्या पायाची आणि कानामागची त्वचा तपासा. दगड उलटून बघायचा नाही, फटीत हात घालायचा नाही. खाली विंचू किंवा साप असू शकतो आणि हिवाळ्याच्या सकाळी साप उन्हाला येऊन पडलेले असतात. चालताना काठी आपटत मोठ्या माणसाने पुढे चालावे. साप चावलाच तर चिरणे, आवळणे, मांत्रिक असले काही न करता पाय न हलवता थेट नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात. शहर जवळ आहे ही इथली मोठी जमेची बाजू. परिसर गोरेवाड्याच्या जंगलाला जवळ असल्याने बिबट्याचा वावर असू शकतो, म्हणून संध्याकाळची वेळ धरू नका आणि मुलांना नजरेआड जाऊ देऊ नका. कुंपण किंवा मनाईचा फलक दिसला तर परत फिरा. बघण्यासारखी वर्तुळे दुसरीकडेही आहेत.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, त्याच दिवशी करू नका. पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या आठवड्यात करा. आधी संग्रहालय आणि मग स्थळ असा क्रम बरेच जण सुचवतात. माझे मत उलटे आहे. काचेमागची कुऱ्हाड बघताना मुलीच्या डोक्यात तिने स्वतः मोजलेले वर्तुळ असेल, तर ती त्या कुऱ्हाडीपाशी दहा मिनिटे थांबेल. नाहीतर ती कुऱ्हाड तिला शेकडो वस्तूंतली एक वाटेल. वही सोबत न्या.

आणखी एक विनंती. नागपूर वाढते आहे. लेआउट पडताहेत, मुरमासाठी टेकाडे खणली जाताहेत, बांधाला दगड हवा म्हणून वर्तुळातला दगड उचलला जातो. बहुतेकदा तो उचलणाऱ्याला ते काय आहे हे माहीतही नसते. तुम्ही तिथे असताना वर्तुळ ताजे उकरलेले दिसले, दगड गाडीत भरले जाताना दिसले किंवा पावसाने भांडी उघडी पडलेली दिसली, तर कोणाशी वाद घालत बसू नका. लांबून फोटो काढा, मोबाइलवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपा आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला लेखी कळवा. तारीख, वेळ, ठिकाण आणि फोटो एवढे असले तरी पुरते. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागातही अशी माहिती देता येते. मुलीने काढलेला क्रमांकांचा आराखडा जोडलात तर फारच चांगले. पुढच्या वर्षी त्याच वर्तुळाचा एखादा दगड कमी झाला, तर तो नेमका कोणता हे त्या कागदावरून सांगता येईल.